कासोट्याची गोष्ट

महाराष्ट्रात मंगलप्रसंगी काळे वस्त्र वर्ज्य मानले जाते. बारशाला कोणी काळी साडी नेसून आली, तर यजमानीणबाई काही बोलत नाहीत. त्यांची नजर मात्र बोलते. पण मकरसंक्रांत आली की हाच नियम बाजूला ठेवला जातो. नव्या सुनेला हौसेने काळी चंद्रकळा नेसवतात आणि तिच्या अंगावर हलव्याचे शुभ्र दागिने घालतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो, एवढे साधे कारण त्यासाठी सांगितले जाते. आणि मंगळसूत्राचे मणी तर बारा महिने काळेच! नियम घालणाऱ्या समाजानेच त्याला अशी एक खिडकी ठेवलेली असते. पोशाखाविषयी हट्ट धरणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही.

आनंदीबाई जोशी यांना ही खिडकी स्वतःच उघडावी लागली. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, त्यांनी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण केले. आपण आपले आचार, आहार आणि पोशाख बदलणार नाही, असा शब्द त्यांनी त्या सभेत दिला. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

शब्द देणे सोपे नव्हतेच. पाळणे त्याहून अवघड होते. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते सोसवणारे नव्हते, आणि तेथील शिष्टाचारात बसणारेही नव्हते. पाश्चात्य झगा चढवावा, तर दिलेला शब्द मोडतो. आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. पावलांपर्यंत अंग झाकले गेले आणि पोशाखही भारतीयच राहिला. आज हा बदल किरकोळ वाटेल. पण त्या काळच्या ब्राह्मण घरात विवाहितेने कासोट्यावाचून वावरणे शिष्टसंमत नव्हते. कासोटा सुटला, साडी राहिली. यातील काय सोडायचे आणि काय धरायचे, हे एका कोवळ्या वयाच्या मुलीने परमुलखात ठरवले. १८८५ मधील त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशीच्या वेषात.

याच्या सुमारे दोन दशके आधी असाच पेच एका बंगाली स्त्रीपुढे उभा राहिला होता. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये पतीबरोबर मुंबईस आल्या. बंगालमधील अंतःपुरात नेसली जाणारी साडी चारचौघांत वावरण्याजोगी नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, ती आपल्या सोयीने बदलून घेतली आणि पदर डाव्या खांद्यावर घेतला. उजवा हात मोकळा झाला. पुढे ही नेसण शिकवण्याची तयारी त्यांनी मासिकातून जाहीर केली, हे विशेष. स्वतःपुरता नियम मोडून त्या थांबल्या नाहीत.

आज डावा पदर हाच नियम होऊन बसला आहे. सहावारी साडीचेही तेच झाले. एके काळी घरातील वडीलधाऱ्यांना जी नव्या वाऱ्याची वाटली, ती पुढे सभ्यतेची खूण ठरली आणि नऊवारी मागे पडली. आता ती परतली आहे, पण शिंप्याकडून शिवून, पायजम्यासारखी चढवण्याजोगी. तिला नाके मुरडणारे आहेत. नऊ वार लुगडे चापूनचोपून नेसण्याचे कौशल्य हरपत चालले आहे, ही त्यांची खंत खरीच. मात्र नेसता येत नाही म्हणून पेटीतच राहिले असते ते वस्त्र त्यामुळे पुन्हा अंगावर आले, हेही तितकेच खरे.

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या तरुणी मोटारसायकलींवर स्वार होऊन निघतात. डोक्यावर फेटा असतो, एके काळी केवळ पुरुषांचा मानला गेलेला. आनंदीबाईंनी सोडलेला कासोटा इथे नेमका उपयोगी पडतो. सहावारी नेसून गाडीवर अशी मांड ठोकता येत नाही.