समुद्रात राहून हवेवर जगणारे

देवमासा हा मासा नाही, हे तुम्ही खालच्या वर्गातच पाठ केलेले असते. पिल्लाला दूध पाजतो, रक्त उष्ण असते, फुप्फुसांनी श्वास घेतो. एवढे लिहिले की गुण मिळतात आणि विषय संपतो. मला वाटते खरा विषय तिथून सुरू होतो. ज्या प्राण्याला पाण्यातला प्राणवायू घेता येत नाही, त्याने जन्मापासून मरेपर्यंत पाण्यातच राहायचे, म्हणजे आयुष्यभर श्वासाचा हिशेब ठेवायचा.

मी नौदलात सोनारवर काम केले. मूळ गाव मालवणकडचे. निवृत्तीनंतर म्हैसूरला अग्रहार भागात राहतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर बसून समुद्रावर लिहायचे म्हणजे जरा गंमतच आहे. पण समुद्री सस्तन प्राण्यांचा एक नातेवाईक इथे आम्हाला दर दसऱ्याला भेटतो. जंबू सवारीत अंबारी घेऊन निघणारा हत्ती हा डुगाँगचा, म्हणजे समुद्रगायीचा, आज हयात असलेल्या जवळच्या नातलगांपैकी एक. डुगाँग उथळ समुद्रातले गवत चरतो. भारतात तो कच्छचे आखात, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार इथेच उरला आहे. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्याच्यासाठी राखीव केले.

सील आणि वॉलरस मात्र वेगळ्या घराण्यातले. अस्वल आणि कुत्रा ज्या मांसाहारी गटात येतात, त्याच गटातले. देवमासे आणि डॉल्फिन यांचा जिवंत प्राण्यांमध्ये सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा. म्हणजे जमिनीवरची निरनिराळी घराणी निरनिराळ्या काळी पाण्यात उतरली आणि तिथे टिकण्यासाठी त्यांची शरीरे एकमेकांसारखी होत गेली. पुढचे पाय वल्ह्यासारखे झाले. देवमासे आणि डुगाँग यांचे मागचे पाय तर बाहेरून दिसेनासेच झाले.

देवमाशांच्या घराण्याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या देशातला आहे, आणि तोही लष्करी माणसाला परिचित असलेल्या राजौरी जिल्ह्यातला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कालाकोट भागातून गोळा केलेल्या जीवाश्मांवरून १९७१ मध्ये ‘इंडोह्यूस’ या प्राण्याचे वर्णन केले. मांजराएवढा, खुरांचा, पिसोरी हरणासारखा दिसणारा हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्यांच्या संग्रहातले दगड पुढे अमेरिकेतील हान्स थेविसन यांच्या प्रयोगशाळेत फोडले गेले. तेव्हा इंडोह्यूसच्या कानाचे हाड एका बाजूला तसेच जाड निघाले, जसे देवमाशांचे असते. पायांची हाडेही पाणघोड्यासारखी भरीव होती. पाण्यात तळाशी चालणाऱ्याला असे वजन उपयोगी पडते. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता श्वासाकडे वळू. आपण साधा श्वास घेतो तेव्हा फुप्फुसातली जेमतेम दहा-पंधरा टक्के हवा बदलते. डॉल्फिन एका उच्छ्वासात ऐंशी टक्क्यांहून अधिक बदलतो, आणि तेही सेकंदाच्या आत. नाकपुडी डोक्याच्या वर आल्यामुळे तोंड पाण्याबाहेर काढावे लागत नाही. पण खोल बुडी मारताना त्याचा भरवसा फुप्फुसांवर नसतो. प्राणवायूचा साठा रक्तात आणि स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये असतो. हे द्रव्य इतके दाट असते की देवमाशाचे मांस काळपट दिसते. खाली गेल्यावर फुप्फुसे दाबाने मिटतात आणि हृदय मंदावते. निळ्या देवमाशाच्या अंगाला यंत्र चिकटवून २०१९ मध्ये मोजले, तेव्हा बुडीत हृदयाचे ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरले होते. सर्वांत लांब बुडीची नोंद क्युव्हिए चोचदेवमाशाची आहे : ३ तास ४२ मिनिटे. याच जातीची सर्वांत खोल नोंद २,९९२ मीटर. पोहण्याच्या तलावात तुम्ही एक मिनिट श्वास धरला असेल तर या आकड्यांचा अर्थ तुम्हाला कळेल.

आपल्या कोकण किनाऱ्यावर दापोली, गुहागर, मालवणला पर्यटकांना होडीतून दाखवतात तो बहुधा कुबडा डॉल्फिन. तो उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळच राहतो, म्हणून जाळ्यांशी त्याचीच गाठ पडते. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन जखमेने क्वचितच मरतो. वर येता आले नाही म्हणून गुदमरून मरतो. त्याच पाण्यात पाठीवर पर नसलेला छोटा पॉरपॉइझही असतो, पण तो उड्या मारत नसल्याने कोणाच्या नजरेत भरत नाही. खोल पाण्यात मोठे देवमासेही आहेत. त्यांतला मला सर्वांत आवडणारा अरबी समुद्रातला कुबडा देवमासा. जगातले बाकीचे कुबडे देवमासे थंड समुद्रात खातात आणि पिल्ले द्यायला उष्ण समुद्रात येतात. हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात, कारण आपल्या मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याला तळाचे सकस पाणी वर येते आणि अन्नाची सोय होते. सोव्हिएत जहाजांनी १९६६ च्या सुमारास यांतले २४२ मारले. आता ओमानजवळ शंभराहून कमी उरले आहेत. त्यांतली ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या अखेरीस उपग्रह-यंत्र अंगावर घेऊन समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला गेली.

पाण्यात नजर काही मीटरच पोहोचते, पण आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. म्हणून हे प्राणी कानावर जगतात. डॉल्फिन नाकपुडीखालच्या भागात टिकटिक आवाज काढतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून तो पुढे फेकतो आणि परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून कानापर्यंत नेतो. सोनारच्या खोलीत हेडफोन लावला की समुद्र कधीच शांत नसतो. कोळंबीच्या जातीचे छोटे जीव फोडणीत मोहरी तडतडावी तसे सतत तडतडतात, आणि मधूनच डॉल्फिनची शीळ येते. नव्या खलाशाला ही शीळ यंत्रातला बिघाड वाटते.

पण आपलाही आवाज त्यांना ऐकू जातो. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे व डॉल्फिन किनाऱ्याला लागले, त्यांत बहुतेक चोचदेवमासे. अमेरिकन नौदलाने चौकशीत आपल्या युद्धनौकांच्या सोनारचा त्यात हात असल्याचे मान्य केले. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदल सरावाच्या वेळी १४ चोचदेवमासे किनाऱ्याला लागले, आणि तपासलेल्यांच्या ऊतींत पाणबुड्यांना होणाऱ्या आजारासारखे वायूचे बुडबुडे दिसले. स्पेनने २००४ मध्ये तिथे सोनारवर बंदी घातली. त्यानंतर तसे सामूहिक प्रकार तिथे झाले नाहीत. सोनार सोडून देता येणार नाही, शत्रूची पाणबुडी विनंती करून वर येत नाही. पण कोणते प्राणी कुठे, कोणत्या महिन्यात असतात हे ठाऊक असेल तर सरावाची जागा आणि वेळ निवडता येते. त्यासाठी आपल्या समुद्राचा नकाशा आधी भरावा लागेल, आणि तो अजून बराच कोरा आहे.

जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू आले. गावकरी, वनखाते, पोलीस सगळ्यांनी रात्रंदिवस खपून त्याला पाण्यात नेले, पण ते पुढे मेलेच. हवेत श्वास घेणारा प्राणी किनाऱ्यावर का मरावा? कारण पाण्याने उचललेले वजन आता त्याच्याच छातीवर बसते, आणि थंडीसाठी असलेली चरबी उन्हात त्याला भाजते.

सुट्टीत कोकणात गेलात आणि असा प्राणी दिसला तर वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा क्रमांक आहे. शेपटी किंवा पर धरून ओढू नका, सांधे निखळतात. पोटावर सरळ ठेवा, परांखाली वाळू उकरा, अंगावर ओले कापड टाका, पाणी ओता, पण नाकपुडीवर थेंबही जाऊ देऊ नका. गर्दी मागे हटवा. कोणी सेल्फीसाठी पाठीवर बसायला निघाला तर त्याला खाली उतरवायला तुमचा परेडवरचा आवाज कामी येईल.