काटा आणि पावती यांच्यामधल्या तीन तारा

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यात रात्री दोनलाही काट्यापुढची रांग तुटत नाही. साखर कारखान्यांची दाटी असलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांत सोलापूर आघाडीवर. माळीनगर, श्रीपूर, अकलूज ही नावं उसाशिवाय उच्चारताच येत नाहीत. ट्रॅक्टर, त्यामागे मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या, मध्येच एखादी बैलगाडी. वाहन काट्यावर चढतं, काटाघरातल्या कॉम्प्युटरवर आकडा उमटतो, बटण दाबलं की पावती बाहेर. तोडलेला ऊस उभ्या उभ्या सुकतो आणि वजनाला घटतो, म्हणून काटा अडला की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो.

काट्याच्या आकड्याबद्दल आपल्याकडे भांडणं फार झाली. ‘काटा मारला’ हा वाक्प्रचार ऊसपट्ट्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण तो आकडा लोखंडी प्लॅटफॉर्मपासून पावतीपर्यंत पोचतो कसा, याकडे फारसं कुणी पाहत नाही. त्या वाटेवर एक छोटासा प्रोग्राम बसलेला असतो: कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट सांभाळणारं मोड्यूल. बऱ्याच काटाघरांत कॉम्प्युटर जुनाट, मोड्यूल त्याहून जुनं, आणि दोन्ही अजून कामावर.

सुरुवात जमिनीखालून होते. प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात. वजन पडलं की त्यांतला पोलादी भाग केसभर वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. इंडिकेटर, म्हणजे काटाघरातलं वजनाचं मीटर, त्या फरकाचं किलोत रूपांतर करतं आणि तोच आकडा सेकंदाला अनेकदा वायरवरून कॉम्प्युटरकडे पाठवत राहतं. ही वायर आरएस-२३२ या मानकाची. हे मानक १९६० साली अमेरिकेत टेलिप्रिंटर आणि मोडेम यांच्यासाठी ठरलं. कामाला तीन तारा पुरतात: एक पाठवायची, एक घ्यायची, एक समाईक. नुसतं वजन वाचायचं तर त्यातल्याही दोनच खऱ्या कामाच्या.

वेग बहुधा ९,६०० बॉड, म्हणजे इथं सेकंदाला तेवढे बिट. एका अक्षराला आठ बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, साधारण दर मिलिसेकंदाला एक. आजच्या हिशेबानं हा वेग हास्यास्पद. पण १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८२५० या चिपला तोही जड जाई, कारण आलेलं एकच अक्षर तिला धरून ठेवता येई. पुढचं येण्याआधी प्रोसेसरनं ते उचललं नाही, तर नवं अक्षर जुन्यावर बसायचं आणि जुनं कायमचं गेलं.

पीसीच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्रासोबतच येणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, पोर्ट वाचायची सोय होती, पण ती ‘अक्षर आलं का, आलं का’ असं विचारत बसणारी. तेवढ्यात प्रोग्राम डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे वळला की इकडची अक्षरं सांडली. यातून काय घडू शकतं ते पाहा. ट्रॉली काट्यावर चढते आहे. मीटर आधी ०९८५० पाठवतं, मग १८४६०. प्रत्येक आकड्याच्या आधी ‘सुरू’ आणि नंतर ‘संपलं’ अशी खूण असते. पहिल्यातलं ०९ वाचून झाल्यावर प्रोसेसर सात-आठ मिलिसेकंद दुसरीकडे गुंतला. परत आला तेव्हा मधली सात अक्षरं, दोन्ही खुणांसकट, वाहून गेली होती. हातात उरलं ०९ आणि ४६०. जोडून झालं ०९४६०. आकडे पाच, सुरुवातीची खूण जागेवर, शेवटची जागेवर. आणि असं वजन मीटरवर कधी आलंच नव्हतं. कुणी काटा मारला नाही, तरी आकडा खोटा.

म्हणून डॉसच्या काळात प्रोग्रामर बायोसला बाजूला सारून स्वतःचं मोड्यूल लिहीत. हिशेबाचा प्रोग्राम फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये असला तरी हा तुकडा बहुधा सी किंवा असेंब्लीत लिहिलेला. अक्षर आलं की चिप प्रोसेसरला हटकते, याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम तिथंच ठेवतो, अक्षर उचलून मेमरीतल्या बफरमध्ये टाकतो आणि पुन्हा कामाला लागतो. हा बफर म्हणजे कारखान्याची गव्हाण. गाड्या येतील तेव्हा येतात, रोलर आपल्या गतीनं फिरतात, मध्ये गव्हाण दोघांना सांभाळून घेते. कॉम-१ ला चार नंबरची इंटरप्ट लाइन, कॉम-२ ला तीन नंबरची. कॉम-३ पुन्हा चारवरच, त्यामुळे कॉम-१ ला माऊस आणि कॉम-३ ला काटा जोडला की दोघांची जुंपायची. पुढं १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरं मावणारा बफर आतच आला आणि प्रोग्रामरांना जरा श्वास घेता आला.

पण अक्षरं गोळा करणं हे मोड्यूलचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते महत्त्वाचं, म्हणजे नाकारणं. अक्षर सांडल्याची नोंद चिप ठेवते. ती दिसली की आख्खा आकडा फेकून द्यायचा. मीटर पडताळणीची बेरीज पाठवत असेल तर ती जुळलीच पाहिजे. गाडी हलते आहे तोवर एकही आकडा खरा धरायचा नाही, लागोपाठ अनेक वाचनं सारखी आली तरच पावतीची परवानगी. घाईत लिहिलेल्या मोड्यूलमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं, कारण ते नसलं तरी चाचणीच्या दिवशी सगळं झकास चालतं.

विंडोज एनटी आणि एक्सपी आल्यावर प्रोग्रामला थेट चिपला हात लावायची बंदी झाली. तोवर तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही व्हिज्युअल बेसिक पोचलं होतं. त्यातलं एमएसकॉम हे तयार मोड्यूल फॉर्मवर ठेवायचं, ‘९६००, एन, ८, १’ एवढं लिहायचं, पोर्ट उघडायचा, काम भागलं. पुढं कॉम्प्युटरवरून सिरियल पोर्टच गेला आणि यूएसबीचा कन्व्हर्टर आला. तो दुसऱ्या खाचेत लावला की अनेकदा पोर्टचा नंबर बदलतो, आणि एमएसकॉमला सोळाच्या पुढचा नंबर चालत नाही. सारं काही ठीक असताना ‘काटा दिसत नाही’ अशी बोंब उठते, तिचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. कन्व्हर्टरमधल्या नकली चिपा ही आणखी एक डोकेदुखी. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं, विंडोज अपडेटमधून येऊन, आपल्या नकला ओळखून निकामी केल्या. जगभर चालती यंत्रं एका दिवसात मुकी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागं घ्यावा लागला.

आता मुद्दा विश्वासाचा. वैधमापनशास्त्र खात्याचा निरीक्षक दरवर्षी प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो आणि मोहोर लावतो. ती मोहोर वजन दाखवणाऱ्या यंत्रणेची साक्ष आहे. पुढं कॉम्प्युटरमध्ये तो आकडा कुठल्या प्रोग्रामच्या हातून पावतीवर उतरतो, याची साक्ष ती देत नाही. मोड्यूल ढिसाळ असो वा कुणी मुद्दाम हात घातलेलं असो, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मात्र आरएस-२३२ ची एक जुनी सवय इथं शेतकऱ्याच्या बाजूनं आहे: मीटर जे पाठवतं ते कॉम्प्युटरबरोबर दुसऱ्या यंत्रालाही ऐकता येतं. काटाघराबाहेरचा मोठा डिस्प्ले असा थेट मीटरला जोडला तर कॉम्प्युटरला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. तोच डिस्प्ले कॉम्प्युटरमागून जोडला, तर तो कॉम्प्युटर सांगेल तेवढंच दाखवतो.

तेव्हा ऊस घेऊन काट्यावर गेलात तर बाहेरच्या डिस्प्लेची वायर मीटरमधून निघते की कॉम्प्युटरमधून, हे विचारा. आणि मीटरवरचा आकडा पावतीशी ताडून पाहिल्याशिवाय ट्रॉली काट्यावरून खाली घेऊ नका.