पाटीवरची पेन्सिल खाणारी मुले

नव्याने वसतिगृहात आलेले एखादे मूल पाटीवरची पेन्सिल, खडू वा भिंतीचा पोपडा गुपचूप खाताना आढळते. सातारा-सांगलीच्या खेड्यांना ही सवय नवी नाही. पालक तिला हट्ट समजून मारतात. कुणी बाधा समजून अंगारा लावतात.

वैद्यकशास्त्र या सवयीला ‘पायका’ म्हणते. कळत्या वयात, महिनाभर वा अधिक काळ, अन्न नसलेले पदार्थ खात राहणे हा खाण्याचा विकार मानला जातो. अनेकदा त्यामागे लोहाची कमतरता असते. ती भरून निघाली की ही ओढ बहुधा ओसरते. माती खाण्याने जंतांची अंडी पोटात जातात आणि कुपोषण वाढते. म्हणून पहिला उपाय छडी नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील रक्ततपासणी होय. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असल्यास तो रक्तक्षय समजावा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू नये. रक्त सुधारूनही सवय सुटत नसेल, तर मनावरील ताणाचा शोध घेऊन मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उपाशी देहात प्रज्ञा जागत नाही, हे ओळखून सिद्धार्थ गौतमांनी सुजाताची खीर स्वीकारली. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. पंगतीत जागा मिळाली. आता ताटातले अन्न प्रत्येक मुलाच्या अंगी लागते की नाही, हे पाहणे आपले काम आहे. लाजेने लपविलेली सवय मूल विश्वासानेच सांगते.