विकलें, पण दिलें नाहीं

नारदस्मृतींत व्यवहारपदांमध्यें ‘विक्रीयासंप्रदान’ असें एक पद आहे. मूल्य घेऊन माल विकला, पण ग्राहकाच्या हवालीं केला नाहीं, अशा तंट्याचा विचार तेथें केला आहे. हाच तंटा हल्लीं विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या बाजारांत नव्या वेषानें उभा आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ‘एलेक्ट्रॉन’ कंपनीनें २०१७ सालीं ‘डिजिटाक्ट’ नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. सांठविलेले ध्वनि तालांत वाजविणाऱ्या या यंत्रांत ध्वनीचे आठ मार्ग आहेत. ते आठही एकाच तारेनें संगणकांत वेगवेगळे उतरविणारें ‘ओव्हरब्रिज’ हें सॉफ्टवेअर मागाहून मिळेल, असें आश्वासन होतें. परंतु २०१७ साल सरलें तरी तें ग्राहकांच्या हातीं आलें नाहीं. पुढें आलें तेंहि प्रथम चांचणीच्या, अपुऱ्या रूपांत. त्यासाठीं निराळा दाम घेतला नाहीं, हें खरें. पण त्या आश्वासनावर विसंबून ज्यानें यंत्र घेतलें, त्यानें तो दाम आधींच मोजला नव्हता काय?

कारखानदाराचीहि एक बाजू आहे. तंबोऱ्याप्रमाणें सॉफ्टवेअर एकदां घडवून संपत नाहीं; संगणकाची मूळ व्यवस्था बदलली कीं तें पुन्हां दुरुस्त करावें लागतें. त्या श्रमांचें मोल मागणें अन्याय्य नव्हे. परंतु पुऱ्या कामाची निगा राखणें वेगळें आणि अपुरें काम पुरें म्हणून विकणें वेगळें. चांचणीची आवृत्ति वापरणारा वादक त्यांतील दोष हुडकून कळवितो, म्हणजे कारखान्याचेंच काम करितो. त्याच्याच कडून त्याबद्दल पैसे घेणें म्हणजे मजुराकडून मजुरी वसूल करणें होय. शिवाय भर मैफलींत यंत्र अडलें, तर श्रोत्यांपुढें मान खालीं जाते ती वादकाची; कारखानदार तेथें नसतो.

जंगम माल विकून न दिल्यास, त्याच्या वापरानें ग्राहकास जो लाभ झाला असता तो विक्रेत्यानें भरून द्यावा, असें नारदांचें शासन आहे. इतकें कडक शासन आज कोणी मागत नाहीं. जें अपुरें आहे तें अपुरें म्हणून सांगावें, पुरें होईपर्यंत त्याचें मूल्य घेऊं नये, आणि यंत्राच्या जाहिरातींत त्याचा गुण मिरवूं नये, एवढें केलें तरी पुरे.

आमच्या वाचकांपैकीं कोणास मुलामुलींसाठीं असें यंत्र घ्यावयाचें असेल, त्यांनीं दुकानांतच विचारावें, “हें आज काय काय करितें?” आणि तेवढ्याचाच दाम द्यावा.