गाण्याच्या ठोक्यावर हेडलाइट का मंदावतात?

आजचा विषय वरवर पाहता तरुण मुलांचा वाटेल. गाडीत मोठा सबवूफर आणि अॅम्प्लिफायर बसवला, गाणं लावलं, आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकायला लागले. पण मी हा विषय घेतलाय तो गाण्यासाठी नाही, रात्रीच्या रस्त्यासाठी.

ओंकारेश्वरहून इंदूरला परतत होतो. गाडी भाच्याची, चालवतही तोच होता. भेरूघाटात अंधार पडला. चढ, वळणं, पुढे ट्रकांची रांग. आमची गाडी नुसती रांगत होती. डिकीतला सबवूफर दणकत होता आणि समोरचा उजेड त्याच्या तालावर कमीजास्त होत होता. एका वळणापलीकडे मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. ब्रेक वेळेत लागला, इतकंच. मी गाणं बंद करायला लावलं. उजेड लगेच स्थिर झाला.

भाचा म्हणाला, "मामा, दुकानदार म्हणालाय, कपॅसिटर टाकला की जाईल."

मी म्हटलं, "आधी मोजू. मग काय टाकायचं ते ठरवू."

फौजेच्या वर्कशॉपात हीच सवय लागते. आधी मीटर, मग पाना.

वीज येते किती, जाते किती

गाडी सुरू असताना सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो. बॅटरीचं मुख्य काम इंजिन सुरू करणं. त्यानंतर ती राखीव दलासारखी मागे उभी असते. अल्टरनेटर व्यवस्थित असेल तर बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते.

आता अॅम्पचा हिशेब करा. खोक्यावर छापलेले हजारो वॅट विसरा, आरएमएस आकडा बघा. समजा तो ५०० वॅट आहे. जुन्या पद्धतीचा एबी क्लास अॅम्प घेतलेल्या विजेपैकी साधारण ६० टक्केच स्पीकरला देतो, उरलेली उष्णतेत जाते. म्हणजे पूर्ण दणक्याच्या क्षणी तो ८०० वॅटच्या वर ओढतो. १३.५ व्होल्टला भागलं की झाले ६० अँपिअर. दोन्ही हेडलाइट मिळून ११० वॅट, म्हणजे जेमतेम ८ अँपिअर. गाणं काही सतत दणकत नसतं, सरासरी ओढ बरीच कमी असते. पण दिवे मंदावतात ते त्या दणक्याच्या क्षणीच.

लहान गाडीचा अल्टरनेटर बहुधा ६० ते ९० अँपिअरचा असतो, आणि तोही इंजिन वेगात फिरत असताना. आयडलिंगला तो कित्येकदा निम्माच देतो. घाटात हळू चाललेल्या गाडीत एसी, रेडिएटरचा पंखा, दिवे आणि इंजिनची स्वतःची गरज यांतच तो संपतो. वर ढोल वाजला की मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त होते. मग व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला, साडेबारा किंवा त्याखाली घसरतं.

हॅलोजन दिव्याची गंमत अशी, की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड साधारण ३० टक्के पडतो. १४ वरून १२.५ म्हणजे उजेडाचा तिसरा हिस्सा गेला. वळणावर हा हिस्सा फार महाग पडतो.

कपॅसिटर हा इलाज का नाही

१ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना फक्त २६ ज्यूल ऊर्जा देतो. ८०० वॅट ओढणाऱ्या अॅम्पला ती सेकंदाच्या तिसाव्या भागापुरती पुरते. ढोलाचा ठोका त्याहून लांब असतो. शिवाय रिकामा झालेला कपॅसिटर पुन्हा भरणार कोण? तोच दमलेला अल्टरनेटर. अगदी बारीक मिचकणं त्याने झाकलं जाईल, पण तूट भरून निघणार नाही.

मोजायचं कसं

साधा मल्टिमीटर पुरतो. या क्रमाने जा.

पहिलं: रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. भाच्याच्या गाडीत १२.२ निघाले. बॅटरी अर्धीच भरलेली होती, आणि जुनीही.

दुसरं: इंजिन सुरू करून दिवे, एसी, गाणं सगळं लावा. बॅटरीच्या टोकांवर आधी आयडलिंगला मोजा, मग २००० आरपीएमला. वेग वाढवल्यावर व्होल्टेज सावरलं तर आयडलिंगला अल्टरनेटर कमी पडतोय. तरीही सावरलं नाही तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग तपासा.

तिसरं, आणि हेच बहुतेक लोक करत नाहीत: तेवढाच भार चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थची पट्टी खराब आहे. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत आणि अल्टरनेटरच्या जाड पॉझिटिव्ह टोकापासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजा. पंखा आणि पट्ट्यापासून हात, बाही, मीटरच्या वायरी दूर ठेवा.

आमच्याकडे इंजिनच्या अर्थवर ०.६ व्होल्ट निघाले. बोल्टखाली गंज होता. अल्टरनेटरने बनवलेली वीज तिथेच अडत होती.

इथे एक बारकावा आहे. डिकीकडे गेलेली अॅम्पची वायर बारीक असेल तर अॅम्प उपाशी राहील, वायर तापेल. पण फक्त त्या कारणाने दिवे मंद होणार नाहीत. दिवे मंदावतात ते दिवे आणि अॅम्प या दोघांच्या सामाईक वाटेवर व्होल्टेज पडलं तर. म्हणून आधी सामाईक वाट दुरुस्त करा.

दुरुस्तीचा क्रम

आधी फुकटचं काम. अॅम्पचा गेन उतरवा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. बास बूस्ट ६ डेसिबलने वाढवला की त्या सुरांसाठी चौपट शक्ती लागते. तो शून्यावर आणा.

मग अंगठी-घड्याळ काढून, बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडून, टर्मिनल आणि अर्थचे बोल्ट घासून स्वच्छ करा. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

त्यानंतर तीन जाड वायरी: अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी. मूळच्या वायरी काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला या घालायच्या. आम्ही २५ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या घातल्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते. तिचा विरोध तांब्याच्या दीडपट असतो. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

अॅम्पच्या पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच, आणि अल्टरनेटरच्या नव्या वायरीलाही. फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे घ्यायचा. उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बॅटरी थकली असेल तर बदला. अॅम्पच बदलणार असाल तर डी क्लास घ्या, तो तेवढ्याच आवाजाला बरीच कमी वीज ओढतो. मोठा अल्टरनेटर हा शेवटचा उपाय.

दोन इशारे. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो. नवी अर्थ वायर थेट त्या खांबावर न लावता कंपनीने दिलेल्या बॉडीच्या अर्थवर लावा, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. आणि एलईडी हेडलाइटवाल्यांनी निर्धास्त राहू नये. त्यांचा ड्रायव्हर उजेड धरून ठेवतो, त्यामुळे तूट दिसत नाही. पण बॅटरी तितकीच झिजते.

भाच्याच्या गाडीत गंज काढला, तीन वायरी घातल्या, बॅटरी बदलली. कपॅसिटर घेतला नाही. आता २००० आरपीएमला पूर्ण आवाजात १३.९ व्होल्ट मिळतात, आयडलिंगला १३.२. म्हणजे थांबलेल्या गाडीत ढोल वाजला की उजेड अजूनही किंचित हलतो. ते मी त्याच्यापासून लपवलं नाही. म्हणून घाटासाठी नियम ठरला: चढण लागली की आवाज निम्म्यावर. परवा त्याचा फोन आला, "मामा, घाटात गाणं बंदच ठेवलं होतं." मला त्या तीन वायरींपेक्षा याचं जास्त समाधान वाटलं.

आज रात्रीच एक करून बघा. गाडी भिंतीसमोर उभी करा, दिवे लावा, गाणं लावा आणि उजेडाकडे दोन मिनिटं बघा. तो हलला तर सकाळी मीटर काढा.