कोल्हापूरची खारी आणि फ्रेंच क्रुआसाँ

मिसळीसोबत ब्रेडच्या स्लाइस आणि चहासोबत खारी पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या बेकऱ्यांना फ्रेंच क्रुआसाँमागील तंत्र मुळीच परके नाही. मैद्याच्या कणकेत स्निग्ध पदार्थ गुंडाळून ती पुनःपुन्हा लाटण्या-दुमडण्याच्या क्रियेस ‘लॅमिनेशन’ म्हणतात, आणि तिहेरी घडी तीनदा घातल्यास लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होऊन हे पदर सुटतात. भेद असा, की क्रुआसाँमध्ये यीस्ट असते, खारीत सहसा नसते. शिवाय लोणी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, तर खारीतील वनस्पती तूप त्याहून अधिक उष्णता सोसते, म्हणून एप्रिलच्या कोल्हापुरात थंड खोलीविना क्रुआसाँ लाटणे हा जवळजवळ हट्टच ठरतो. ग्राहकाने क्रुआसाँ मधोमध कापून पाहावा: आत मधाच्या पोळ्यासारखी मोकळी जाळी असल्यास लोणी वेळेआधी वितळलेले नाही, असे समजावे.