फॉरमॅट मारण्याआधी कोड वाचा

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवण्याची घाई सुरू झाली. बऱ्याच ठिकाणी काम निमूट उरकतं. काही मशीनवर मात्र टक्केवारी सत्तर-ऐंशीपर्यंत जाते, दोन-तीनदा रिस्टार्ट होतं आणि बदल मागे घेत असल्याची सूचना पडद्यावर येते. थोड्या वेळाने जुनं विंडोज १० जसंच्या तसं समोर हजर! पुन्हा बटण दाबलं तरी पुन्हा तेच. मग रिपेअरवाला येतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

बहुतेक वेळा तो मारावा लागत नाही. नवं विंडोज चढवताना इन्स्टॉलर जुनं लगेच पुसून टाकत नाही. ते ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवतो, म्हणूनच काही बिघडलं तर माघार घेता येते. अपग्रेड यशस्वी झाल्यावरही साधारण दहा दिवस परत फिरण्याची सोय असते. आणि माघार घेताना इन्स्टॉलर आपलं कुठे अडलं हे लिहून ठेवतो.

आधी पात्रता तपासावी. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय-सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि यादीत असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ अॅप हे सगळं तपासून सांगतं. ‘टीपीएम नाही’ असं उत्तर आलं म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नये. अनेक डेस्कटॉपमध्ये ही सोय प्रोसेसरबरोबरच आलेली असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या मशीनवर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. मात्र बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते बघावं. असेल तर तो तात्पुरता थांबवून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. नाहीतर आपल्याच डिस्कबाहेर आपणच उभे!

पात्रता असूनही अपग्रेड फसत असेल, तर इन्स्टॉलर देतो त्या एरर कोडकडे वळावं. तो पडद्यावर किंवा सेटिंगमधल्या ‘अपडेट हिस्टरी’त दिसतो. सुरुवातीचं ‘शून्य एक्स’ सोडून द्या. उदाहरणार्थ, ८००७००७०. यातलं ८००७ हे नेहमीच्या विंडोज चुकांचं घराणं. पुढचं ००७० सोळाच्या पटीत मोजतात, म्हणजे सात सोळे ११२, आणि विंडोजच्या यादीत ११२ क्रमांकाची चूक आहे ‘डिस्क भरली’. आजार एवढाच. ‘डिस्क क्लीनअप’ चालवून, मोठे व्हिडिओ डी ड्राइव्हला हलवून सी ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी मोकळे केले की काम होतं. कोड सी१९००२०८ असेल तर एखादं न जुळणारं सॉफ्टवेअर आडवं आलेलं असतं.

घरच्या मशीनवर सर्वाधिक छळणारं घराणं म्हणजे सी१९००१०१. हा आकडा दिसला की संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. त्याच्यापुढे डॅश देऊन दुसरा आकडा असतो आणि खरी माहिती त्यात असते. त्याचा पहिला अंक टप्पा सांगतो : १ म्हणजे जुनं विंडोज चालू असतानाची तयारी, २ म्हणजे रिकव्हरीच्या छोट्या वातावरणातलं काम, ३ म्हणजे नव्या विंडोजचं पहिलं बूट आणि ४ म्हणजे दुसरं. उरलेले अंक त्या क्षणी काय चाललं होतं ते सांगतात. ३०००डी असेल तर पहिल्या बूटमध्ये डेटा हलवताना गाडी अडली. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार तिथे दोष डिस्प्ले ड्रायव्हरचा असू शकतो. मग जुना ग्राफिक्स ड्रायव्हर काढावा, कंपनीच्या साइटवरून नवा घ्यावा आणि मगच पुन्हा सुरुवात करावी.

कोडवरूनही उलगडा होत नसेल तर ‘सेटअपडायग’ हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन चालवावं. इन्स्टॉलरच्या ‘पँथर’ फोल्डरमधल्या लांबलचक नोंदी वाचून ते नेमकं कारण एका छोट्या फाइलमध्ये देतं. कित्येकदा बिघडवणाऱ्या ड्रायव्हरचं नावही त्यात सापडतं.

दुसऱ्या प्रयत्नाआधी थोडी आवराआवर करावी. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस नुसता बंद न करता काढून टाकावा, नंतर परत टाकता येतो. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड सगळं उपसून ठेवावं, कीबोर्ड-माउस पुरे. हा निव्वळ सोपस्कार नव्हे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटमध्ये यूएसबी ड्राइव्ह किंवा एसडी कार्ड लावलेलं असेल तर ड्राइव्हची अक्षरं चुकीची बदलली जाण्याचा धोका होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा मशीनवर अपग्रेडच रोखून धरलं होतं. शेवटी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डीआयएसएम’ची दुरुस्ती आणि त्यामागून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवावं. जुन्या विंडोजच्या खराब फाइल त्यातून सुधारतात.

बॅकअप मात्र कुठल्याही प्रयत्नाआधी घ्यावा. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या अपडेटने काही लोकांच्या फाइल पुसल्या आणि चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. असं क्वचित घडतं, पण लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर असतील तर क्वचितचीही धास्ती उरत नाही.

मशीनच पात्र नसेल तर युक्त्या लढवून विंडोज ११ घुसवणारे भेटतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा घरगुती ग्राहकांसाठीची विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना बरी. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ब्राउझर आणि पत्रं टाइप करणं एवढंच काम असेल तर लिनक्सही चालेल.

फॉरमॅट मारला की अपग्रेडचं दुखणं जातं, पण त्याबरोबर सीडी हरवलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, हिशेबाच्या पॅकेजची नोंदणी, ब्राउझरमधले पासवर्ड हेही जाऊ शकतं. म्हणून माणूस बोलवायचाच असेल तर कोडचा फोटो आणि सेटअपडायगची फाइल त्याच्या हातात ठेवावी आणि विचारावं, ‘यातलं कुठलं कारण फॉरमॅटशिवाय सुटत नाही?’ जाणकार असेल तर तो आधी फाइल उघडेल. न उघडताच पेन ड्राइव्ह काढणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.